महाप्याच्या कॅन्टीनमधला एक तास

सोनल फिजिओथेरपिस्ट. सहा वर्षं तिने नेरूळच्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे वाकवले. मुलगी झाल्यावर तिला स्वतःलाच खोकताना लघवी सुटायला लागली, तेव्हा कळलं की यावर उपचार आहेत आणि ते कुणी सांगतच नाही. मग तिने त्याचंच वेगळं शिक्षण घेतलं. हॉस्पिटलातले सहकारी तिच्या खोलीला ‘खालचं खातं’ म्हणून हसायचे. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

एप्रिलमध्ये महाप्याच्या एका कारखान्याने बायकांसाठी आरोग्यावर बोलायला हॉस्पिटलकडे माणूस मागितला. सोनल गेली. तिथला अधिकारी दिपेश दारातच म्हणाला, “मॅडम, मान-कंबर एवढंच घ्या हां. साहेब बसणारेत.”

तिने मानेपासूनच सुरुवात केली. समोर चाळीसेक बायका. उकाड्याने जीव नकोसा झालेला, टेबलावर गार पाण्याच्या बाटल्या, पण एकीनेही हात लावलेला नव्हता.

“पाणी का पीत नाही कुणी?” सोनलने मध्येच विचारलं.

मग मागच्या रांगेतून जासईची काशीबाई उठली. पन्नाशीची, पॅकिंगला होती.

“पानी पिलं का जावं लागतं. शिफ्टमदी दोनदाच सोरतात. आनि आमाला धरवत नाय. पोरी कापरं ठेवतात आतमदी, भिजू नये म्हनून. मी पन ठेवते.”

कुणीतरी तोंडाला पदर लावला. साहेब मोबाइलमध्ये बघू लागले.

“हा आजार आहे आणि तो बरा होऊ शकतो,” सोनल म्हणाली. “लघवी अडवताना आपण जे स्नायू आवळतो ना, ते बाळंतपणात सैल पडतात. त्यांना व्यायाम देता येतो. आणि लघवी तासन् तास दाबून ठेवली तर...”

दिपेशने माईक बंद केला. “मॅडम, विषयावर या. इथे पुरुष बसलेत.”

“त्यांनी बसावं नाहीतर बाहेर जावं. मी थांबणार नाही.”

“माईक नको आमाला,” काशीबाई म्हणाली. “ऐकू येतंय.”

साहेब उठून गेले. सोनल पुढचा पाऊण तास नुसत्या आवाजावर बोलली. शेवटी तर प्रश्न विचारायला बायकांची चढाओढ लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीने हॉस्पिटलकडे तक्रार केली आणि ठरलेली पुढची सत्रं रद्द केली. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं, “कंपनीला दोन ओळींची माफी लिही, विषय संपव.”

सोनलने तिथेच कागद ओढला आणि लिहिलं, ‘चाळीस बायका पाणी न पिता पॅकिंग करतात. याची माफी कोणी मागायची ते कळवावे.’ सही करून तिने तो डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांनी तो पाठवला नाही. तिला नोटीस मात्र दिली.

त्या शनिवारी काशीबाई तिघींना घेऊन हॉस्पिटलात आली. तपासायच्या टेबलावर चढताना तिने साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली.

“लाज वाटतेय?” सोनलने विचारलं.

“वाटते ना! पन लाजून इतकी वरसं काय भेटलं?”

तीन महिने ती न चुकता व्यायाम करत राहिली. कपडा सुटला. एकदा भर शिफ्टमध्ये ती बाटलीभर पाणी घटाघटा प्यायली आणि सुपरवायझरसमोर उभी राहून म्हणाली, “मी मुतायला चाललेय. तिसऱ्यांदा. लिवून ठेव.”

तिच्यामागून आणखी पाचजणी उठल्या.