बिबट्याची जावक

मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर माझं टेबल, टेबलावर आवक-जावक रजिस्टर, आणि रजिस्टराला सुतळीनं बांधलेलं पेन. पेन का बांधलं ते विचारू नका. फार्मसीला आलेल्या पोरी हुशार असतात, एवढंच सांगते.

रकाने पाच. नाव, कुठं, कशासाठी, परत केव्हा, सही. त्यातल्या 'कशासाठी'वरून मला माणूस कळतो. "औषध आणायला" असं लिहिणारी वडापाव खायला जाते. "वडापाव" असंच लिहून जाणारी बावीस जणींत एकटी स्वप्ना. रेक्टर इंद्रायणी मॅडम "कार्यालयीन काम" लिहून मंचरला जातात आणि येताना हातात ब्लाऊजपीस असतो. मी बोलत नाही. वेळ टाकते.

या रजिस्टरातली पहिली नोंद मात्र पोरीची नाही. ११ सप्टेंबर २००४. कॉलेज नवंकोरं, पहिली बॅच यायची होती. हॉस्टेलमागच्या उसात वनखात्यानं दोन पिंजरे लावले होते. त्यातल्या एकात पहाटे बिबट्या सापडला, तो टेम्पोतून आमच्या गेटसमोरून गेला. अवसरीपासून माणसं बघायला आली. संस्थेचे सेक्रेटरी दादाभाऊ, म्हणजे आमचे साहेब, यांनी टेम्पोपुढं नारळ फोडला. मला काम नव्हतं, रजिस्टर कोरं होतं. मी लिहिलं. नाव: बिबट्या. कुठं: माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र. कशासाठी: वनखात्यानं नेला. परत केव्हा: कोरं. सही वॉचमन कुशाबाची, कारण बिबट्यानं दिली नाही.

दुसरा पिंजरा न्यायचा राहिला. त्यात कुशाबा कोंबड्या ठेवतो. मुंगूस शिरत नाही म्हणतो.

अनिमा मिंज आली ऑक्टोबरात. झारखंडातल्या गुमल्याकडची, अठरा वर्षांची. दोन रात्री रेल्वेत, मग पुण्याहून एस.टी., आणि मंचरपासून पुढं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर, ट्रंकेवर बसून. तिच्या गावाकडं एका एजंटानं आमच्या कॉलेजची रंगीत पुस्तिका वाटली होती. पुस्तिकेत डोंगर, प्रयोगशाळा आणि टेलिफोन. डोंगर खरे निघाले. प्रयोगशाळेची फरशी बसत होती. टेलिफोन होता, पण रेक्टरच्या खोलीत लाकडी पेटीत, आणि पेटीची किल्ली साहेबांच्या खिशात.

पहिल्याच रविवारी ती टेबलापाशी उभी राहिली. मोडकं हिंदी माझं, मोडकं मराठी तिचं. त्यातून कळलं ते असं. आई मिशनच्या शाळेत भांडी घासते. शाळेच्या फोनवरून बाहेरगावी लागत नाही, आलेला मात्र घेता येतो. सिस्टर दर रविवारी साडेसहा ते सात ऑफिस उघडून आईला फोनपाशी बसू देतात. बाकी दिवस कुलूप.

"आणि नाही केला फोन एखाद्या रविवारी, तर?" मी सहज विचारलं.

ती सहज बोलली नाही. तिच्या शेजारची पोरगी एजंटाबरोबर दिल्लीला गेली होती, कामाला. चार वर्षं झाली. सुरुवातीला फोन यायचे. मग एक बाई फोनवर यायची आणि सांगायची, मुलगी मजेत आहे. मग तेही बंद. म्हणून पात्रस चाचानं अनिमाला सोडताना अट घातली होती. दोन रविवार आवाज आला नाही, तर तो येऊन तिला घेऊन जाणार. शिक्षण-बिक्षण बास.

त्या दिवशी तिनं रजिस्टरात लिहिलं. कुठं: खंडूचा एस.टी.डी. बूथ. कशासाठी: आई. एवढंच. पुढच्या रविवारीही तेच. या रकान्यात इतकं खरं मी आजवर वाचलं नव्हतं.

फोन करून आली की ती माझ्याजवळ बसायची. त्याच वेळेला शेतातून खुरपणीच्या बाया घरी निघायच्या. पुढं शकुबाई, हातात बॅटरी, तोंडात अख्ख्या गावाची खबर. आमच्याकडं बिबट्या एक गेला तर दुसरा येतो, हे बायांना पक्कं माहीत. म्हणून कुणी घरात बसत नाही. जथ्यानं निघायचं, मोठ्यानं बोलायचं, बिबट्या आपण होऊन वाट सोडतो. शकुबाईचा आवाज ऐकून तर तिचा नवरासुद्धा वाट सोडतो. अनिमानं मराठी या बायांकडून उचललं. कॉलेजात बोलतात ते नव्हे, बांधावरचं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि स्वप्नानं स्टँडवर एका पोराबरोबर भेळ खाल्ली. पोरगा तिचा सख्खा मावसभाऊ. पण संस्थेच्या एका ट्रस्टीनं पाहिलं. ट्रस्टींना मावसभाऊ दिसत नाहीत, फक्त पोरगा दिसतो. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: परिसरात बिबट्याचा वावर असल्याने मुलींनी सायंकाळी पाचनंतर गेटबाहेर जाऊ नये. आदेशावरून.

कॉलेज नऊ ते पाच. म्हणजे हिशेब सोपा, बाहेर कधीच नाही. रविवारी दिवसा सोडत, पण दिवसा त्या शाळेचं ऑफिस बंद. आणि मुलांचं हॉस्टेल रस्त्यापलीकडं, उसाला अगदी चिकटून. त्यांना नोटीस नाही.

मी रेक्टरना म्हटलं, "मॅडम, बिबट्या गेला की. साहेबांनीच नारळ फोडला."

"मोहिनीबाई, तुम्हाला पगार नोंदी करायचा आहे, शंका काढायचा नाही."

खरंच होतं ते. बारावी पास बाईला घराजवळ सावलीतली नोकरी मिळाली की शंका गिळायला येतात. मी गिळली. आजही ती घशात आहे.

त्या रविवारी सहा वाजता अनिमा गेटशी आली. कुशाबानं कुलूप लावलेलं. रस्त्यावरून पोरांचं टोळकं गाणी म्हणत स्टँडकडं चाललं होतं.

"त्यांना नाही खात?" तिनं कुशाबाला विचारलं.

"पोरान्ला काय व्हतंय."

"बिबट्याला कसं कळतं, पोरगी का पोरगा?"

कुशाबा किल्लीकडं बघत राहिला. "मला नगं इचारू बाय. मला सांगितलंय लाव, मी लावलं."

ती रेक्टरकडं गेली. किल्ली साहेबांकडं, साहेब पुण्याला. "पत्र टाक," मॅडम म्हणाल्या. पत्राला गुमल्याला पोचायला दहा दिवस. साडेसहा वाजले, सात वाजले. अनिमा माझ्या टेबलापाशी उभीच. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गेटच्या गजांना असं बघत होती, जसं एखादा माणूस पुढं कामाला येईल म्हणून लक्षात ठेवावा.

दुसऱ्या रविवारी मी शहाणपण केलं. तिच्याकडून नंबर घेतला, टेबल कुशाबावर सोडून खंडूच्या बूथवर गेले. पोरांच्या रांगेत उभी राहिले. फोन लागला. पलीकडं एका बाईचा घाईघाईचा आवाज, "अनिमा? अनिमा?"

मी माझ्या हिंदीत सांगितलं, "अनिमा अच्छी है. फोन पे नहीं आ सकती. चिंता मत करो."

मग फोन ठेवल्याचा आवाज.

काय केलं ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. चूल पेटवताना कळलं आणि हातातली काडी विझली. अनिमाच्या शेजारच्या पोरीच्या आईला जी बाई फोनवर भेटायची, ती मी झाले होते. शब्दसुद्धा तेच.

सोमवारी मी अनिमाला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमी चांगल्या हायेत. पण तुमी गप बसला असता तर बरं झालं असतं. नायतर गेट उघडलं असतं तर."

हे वाक्य मी तेव्हापासून रोज मोजते. दोनच पर्याय होते आणि मी तिसरा केला.

बुधवारी तार आली. "चाचा निकल चुका है." तार मीच सही करून घेतली, मीच तिच्या हातात दिली.

शुक्रवारी दुपारी पात्रस चाचा गेटवर. उन्हानं रापलेला, खाकी पँट, पायांत नवे बूट चावत असावेत असं चालणं. रजिस्टरात त्यानं हिंदीत नीट अक्षरात लिहिलं. कशासाठी: भतीजी को ले जाने.

दहा मिनिटांत साहेबांची जीप आली. एका झारखंडी पोरीसाठी साहेब जेवण टाकून आले यात माया नव्हती. त्याच एजंटामार्फत पुढच्या वर्षी त्याच भागातून पंधरा पोरी यायच्या होत्या. एक परत गेली की पंधरा येत नाहीत.

चाचाला चहा दिला. मग साहेबांनी त्याला हॉस्टेलमागं नेलं आणि पिंजरा दाखवला. कुशाबानं पाच मिनिटं आधी कोंबड्या हुसकल्या होत्या, दोन पिसं तिथंच होती. बरं झालं. चाचाला वाटलं, बिबट्यानं खाल्लेल्या कोंबडीची.

"हमारे लिए ये लडकियां पोटच्या पोरींसारखी," साहेब म्हणाले. हिंदी संपली की साहेब मराठीत शिरतात. "इधर बाघ है. इसलिए शाम को ताला."

चाचानं भिंत पाहिली. भिंतीवर बसवलेल्या काचा पाहिल्या. गेटचं कुलूप हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं. त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. "बहुत अच्छा इंतजाम है," तो म्हणाला. "लडकियों के लिए ताला तो चाहिए."

माझ्या डोक्याची शीर तडतडली. दोन हजार किलोमीटरवरून माणूस आला तो पोरीला सोडवायला, आणि कुलूप बघून खूश झाला! माझा हात रजिस्टराच्या पहिल्या पानावर गेला. उघडून त्याच्यापुढं टाकायचं, एवढंच बाकी होतं.

अनिमा माझ्याकडं बघत होती. मान हलवली नाही तिनं, पण मला कळलं. कॉलेज खोटं बोललं हे चाचाला समजलं, तर तो तिला आत्ताच्या आत्ता ट्रंकेसकट नेईल. त्याचंच खरं ठरेल, की मुली न्यायला एजंट येतो आणि सगळे खोटं बोलतात. आणि नाही समजलं, तर ती राहील, पण या कुलपामागं, आणि आईला दर आठवड्याला वाटत राहील की पोरगी विकली. मी हात मागं घेतला. या वेळेला तिसरं काही करायचं नाही, एवढं शिकले होते.

"साहेब," अनिमा म्हणाली.

आणि पुढचं सगळं ती मराठीत बोलली. चाचासमोर, हसऱ्या चेहऱ्यानं, शकुबाईच्या मराठीत.

"बिबट्या गणपतीच्या आधीच गेला. तुमी नारळ फोडला. मोहिनीताईच्या रजिस्टरात पयल्या पानावर हाय, कुशाबाची सही हाय. चाचाला हिंदीत वाचून दावू का?"

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, लग्न उरकल्यावर मांडव राहतो तसं.

"क्या बोल रही है?" चाचानं विचारलं.

"मराठी सीख गई," साहेब म्हणाले. "बहुत हुशार है." मग खालच्या आवाजात तिला, "तुला पण जावं लागेल मग. कळतंय का?"

"कळतंय. मी जाईन. आन् चाचा गावात समद्यान्ला सांगंल."

पोरीनं स्वतःचीच जागा डावावर लावली होती. तिचे हात मागं होते, म्हणून साहेबांना दिसले नाहीत. मला दिसले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"काय पाहिजे तुला?"

"रविवारी गेट सात पस्तोर उघडं."

"बरं. तुझ्यापुरतं..."

"समद्यान्ला. बावीस."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मोहिनी, हे तू शिकवलंस?"

"नाही साहेब. मी फक्त वेळ टाकते."

साहेबांनी घसा खाकरून चाचाला हिंदीत सांगितलं, की रविवारी संध्याकाळी मुलींना फोनसाठी सोडू, बाई बरोबर जाईल. चाचाच्या कपाळावर आठी आली. "ताला खोल देंगे?"

"मां के लिए, चाचा," अनिमा म्हणाली. चाचानं मान डोलावली.

जाताना त्यानं रजिस्टरात सही केली. 'भतीजी को ले जाने'वर आडवी रेघ मारली, पुतणीशिवाय निघाला. गेटबाहेर गेल्यावर वळून मला विचारलं, "ताला मजबूत है ना, बहनजी?"

"बहुत मजबूत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याच्या मागं थुंकले मात्र. त्याच्यावर नव्हे. कुलपावर.

सोमवारी नवी नोटीस लागली. "विद्यार्थिनींच्या भावनांचा विचार करून" रविवारी दोन तास सवलत. बाकीचे सहा दिवस बिबट्या नोटिशीत अजून फिरतोच आहे. साहेबांनी त्याला ठेवून घेतलंय, पगाराशिवाय.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, सव्वासहाला मी गेट उघडलं. शकुबाईचा जथा समोरून येत होता. त्यात बावीस पोरी मिसळल्या आणि एवढा गोंगाट झाला की उसातले रावे उठले. खंडूच्या बूथवर पोरांची रांग होती. शकुबाईनं ती एका शिवीत मोकळी केली. अनिमा आत गेली. काचेतून तोंड हलताना दिसत होतं. ती आईशी भांडत होती, जोरजोरात. मग भांडता भांडता खाली बसली, फोन कानाला तसाच.

त्या दिवशीच्या पानावर एकवीस वेळा 'कशासाठी'त "आई" आहे. स्वप्नानं लिहिलं, "भेळ."

पहिलं पान फाडून आणायला साहेबांनी कुशाबाला आतापर्यंत दोनदा पाठवलंय. कुशाबा येतो, टेबलापाशी उभा राहतो, कोंबड्यांचं बोलतो आणि जातो. तरी संध्याकाळी रजिस्टर मी पिशवीत घालून घरी नेते. बिबट्याच्या 'परत केव्हा'समोर अजून काही लिहिलेलं नाही. कुणाला लिहायचं असेल तर माझ्यासमोर, सही करून लिहावं.