बंद झालेला आवाज

"बंद झाला, बाबा! एकदम बंद. चिमणीएवढासुद्धा आवाज नाही आता."

फोनवर मुलगी होती. मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. मोटरसायकली दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि हल्ली लोक गाडी आणण्याऐवजी त्याला फोन लावून तो फोनच चाकाजवळ धरत. तो ऐकून दुखणं सांगे. रविवारी जावयानेही असाच फोन धरला होता. चाक फिरलं की चिक्, चिक्. मेकॅनिक तेव्हा जेवत होता. "चेन कोरडी पडलीय, जावईबापू. तेल मारा," असं सांगून त्याने पुढचा घास घेतला होता.

"मी म्हटलं नव्हतं? चेनच असणार."

"कसली चेन! तिला तेल मारलं तरी चिकचिक होतीच. मग आज सकाळी ह्यांनी कान लावून शोधलं. पुढच्या चाकातून येत होता आवाज. तिथे मारलं चांगलं भरपूर. मी म्हटलं, बँक सोडा, बाबांच्या गॅरेजात लागा."

"चाकात कुठे मारलं?"

"ती गोल चकती नाही का, तिच्यावर. बरं, वर चहा झालाय आमचा. आता घाट उतरतोय. अर्ध्या तासात पोचतो."

"थांब, उतरू नका. ऐक..."

फोन बंद झाला होता. त्याने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. तिचा फोन आता पर्समध्ये, पर्स काखेत आणि डोक्यावर हेल्मेट. जावई गाडी चालवताना फोन घेत नसे. नेमका शिस्तीचा माणूस.

दारात एका गिऱ्हाइकाची स्कूटर तयार उभी होती. त्याने ती काढली. शटर उघडंच राहिलं.

ती चकती ब्रेकची होती. ब्रेकचा आवाज म्हणजे पॅड चकतीवर घासून थरथरतं. तेलाने थरथर थांबते, कारण पकडच सुटते. आवाज आणि ब्रेक एकदमच जातात. हे न कळायला जावई काही मूर्ख नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बदलतो का?' एवढा एकच प्रश्न रविवारी विचारायचा होता. तो प्रश्न मेकॅनिकने शिकाऊ पोरांना शंभरदा घोकायला लावला होता.

जावयाला पायाचाच, म्हणजे मागचाच, ब्रेक लावायची सवय होती. म्हणून सपाटीवर त्याला काही कळलं नसणार. पण घाटाला नऊ वळणं होती. दोन माणसांचं वजन एकट्या मागच्या ब्रेकवर आलं की चौथ्या-पाचव्या वळणापर्यंत तो तापणार. तापला की ढिला पडणार. मग जावई बोटांनी पुढचा ब्रेक दाबणार, आणि गाडी थांबणार नाही.

तिसऱ्या वळणावर कठडा तुटलेला होता. तो कित्येक वर्षं तसाच तुटलेला आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी तो थांबला, उतरला आणि खाली वाकून बघून आला. झुडपं, एक फाटकी गोणी. बाकी काही नाही. परत स्कूटरवर बसताना त्याची दोनदा किक चुकली.

वरून एक ट्रक उतरला. मेकॅनिकने ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वाटेत काही भयंकर बघून आलेला माणूस कसा दिसतो? ड्रायव्हर तंबाखू चघळत होता. त्यावरून काहीच ठरेना.

पाचव्या वळणाच्या अलीकडे वास आला. जळका, कडवट. ब्रेकच्या अस्तराचा. त्याने तोंड उघडून श्वास घेतला, नाकाने घेववेना.

वळणापलीकडे डोंगराच्या बाजूच्या मातीत मोटरसायकल रुतून उभी होती. मुलगी दगडावर बसली होती. तिच्या कोपरातून रक्त येत होतं, आणि जावई त्यावर रुमाल बांधत होता. गाठ त्याला जमत नव्हती.

"बाबा?" मुलगी म्हणाली. "तुम्ही इथे कसे?"

त्याने तिचा हात कोपरापासून बोटांपर्यंत दाबून पाहिला. मग दुसराही पाहिला.

"अहो बाबा, तो बरा आहे हात," ती म्हणाली. आणि इतका वेळ न रडलेली ती आता रडायला लागली.

"मामा," जावई म्हणाला, "माझंच चुकलं. तुम्ही तेल मारायला सांगितलंत, मी जास्तच मारलं का? ब्रेक लागेचना, म्हणून मातीत घातली."

"तुम्ही बरोबर घातलीत," मेकॅनिक म्हणाला. "मी चुकीचं सांगितलं. न बघता सांगितलं."

"नाही हो, फोनवर कुणालाही..."

"जावईबापू, चूक माझी आहे. ती माझ्याकडे राहू द्या."

त्याने दोघांना स्कूटरची किल्ली दिली. दोन्ही ब्रेक आधी स्वतः दाबून पाहिले, मग जावयाला दाबायला लावले. मुलगी मागे बसताना म्हणाली, "आणि तुम्ही?"

"येतो मागून. सावकाश जा."

ती दोघं वळणाआड गेली. त्याने मोटरसायकल मातीतून ओढून काढली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि इंजिन बंद ठेवून क्लच जरा जरा सोडत, चाक गिअरने अडवत, उतार पायी उतरू लागला. गाडी पुढे ओढत होती. तो टाचा रोवून तिला मागे धरत होता.

दुसऱ्या वळणावर ओळखीचा दूधवाला भेटला. गाडी हळू करून म्हणाला, "काय उस्ताद, तुमच्यावर गाडी ढकलायची वेळ? पेट्रोल संपलं की काय?"

"पेट्रोल आहे. ब्रेक नाहीत," मेकॅनिक म्हणाला. "मी घालवले."

दूधवाला मोठ्याने हसला आणि निघून गेला. मेकॅनिकने हँडलवरची पकड बदलली, घामेजलेला तळवा पँटला पुसला, आणि गाडीला डोंगराच्या बाजूला ठेवून, स्वतः दरीच्या बाजूने, पुढचं पाऊल टाकलं.