पाण्यात उभी दगूबाई

मांडवाच्या दारात चाळीस माणसं ढोल पालथे घालून बसली होती आणि सगळ्यांत पुढं उखाला बसवलं होतं. बसवलं म्हणजे अगदी हाताला धरून बसवलं. उखा दोनदा मागं सरकला, दोनदा वीरसिंगनं त्याला पुढं ओढलं.

"दादा, तू पुढं बठ," वीरसिंग म्हणाला. "तुन्हाकरताच तं उनूत आम्ही."

हेच उखाला नको होतं. चाळीस माणसं आपल्याकरता डोंगर उतरून आली हे ऐकून दुसऱ्या कुणाची छाती फुगली असती, उखा आणखीच आक्रसून बसला. ही माणसं ज्या उखाकरता आली होती तो उखा वेगळाच होता, आणि हे तिथं एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

साल त्रेसष्टचं, महिना माघाचा. शहाद्यातलं एक कलावंत मंडळ दर माघात गाण्या-वाजवण्याची बक्षिसं द्यायचं. भजनाला चषक, शाहिरीला चषक, नाट्यगीताला चषक, बँडला तर दोन. पाच वर्षांपूर्वी मंडळाला डोंगरातल्या लोकांचीही आठवण झाली आणि तीन बक्षिसं वाढली. तोरणमाळकडच्या पावऱ्यांच्या पाव्याला एक, धडगावकडच्या भिल्ल बाया लग्नात-सणात रोडाली गातात त्या गाण्यांना एक, आणि नवापूरकडच्या कोकणा आदिवासींच्या थाळीला एक. यंदा दिवाळीनंतर छापील पत्रक आलं, त्यात ही तिन्ही नव्हती. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: वेळेअभावी काही प्रकार वगळण्यात आले आहेत. वगळले म्हणे. तांदळातले खडे वगळावेत तसे.

वीरसिंग पाव्याचा माणूस. डोक्यात राग आणि पायाला भिंगरी. पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि गडी निघाला. घाट उतरला, धडगाव गाठलं, सिंधुबाईला आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या बायांना तयार केलं, आणि पाड्यापाड्यावर एकच गोष्ट सांगत फिरला. मागल्या साली उखादादा थाळीवर कथा सांगायला बसला. दहा मिनिटांची घंटा झाली, थांबला नाही. चिठ्ठी आली, थांबला नाही. भोंगा बंद केला, तरी गातच राहिला. शेवटी मंडळाच्या चिटणीसानं, रतिलालनं, त्याच्यापुढची थाळी उचलून नेली. तोवर दीड तास झाला होता आणि मोठे पाहुणे उठून गेले होते. तो राग तिन्ही बक्षिसांवर निघाला.

"पन दादानी मान खाले घाली नही," असं सांगून वीरसिंग पुढच्या पाड्याला लागायचा. "आपली कथा घंटीवर चालत नही, हे तेन्ही दखाडं त्यास्ले."

ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. आणि इकडं उखाच्या कानावर ते आलं की तो खाली बघायचा.

आता खरं काय ते ऐका.

थाळ म्हणजे काही मोठं वाद्य नाही. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणानं उभी चिकटवलेली काडी. राखेची बोटं काडीवरून खाली ओढली की थाळी घुमते, आणि त्या घुमण्यावर कथा सांगायची. कथा मेलेल्या माणसाची. त्याला घरातून उठवायचं, शेताच्या बांधावरून न्यायचं, विहिरीवर पाणी पाजायचं, नदीपर्यंत आणायचं आणि नदीपार उतरवायचं. पुढचा रस्ता ज्याचा त्याला सापडतो, पण नदी एकट्यानं पार होत नाही. उखाच्या गुरूनं त्याला बजावून ठेवलं होतं: परक्या घरचं आवतण असल्याशिवाय थाळ मांडायची नाही, आपल्या घरच्या मयताला तर नाहीच. परक्या घरच्या माणसानं प्रत्येक ओळीला 'हां' दिली पाहिजे. 'हां' आली की मेलेल्यानं पाऊल टाकलं, नाही आली तर तो जागीच उभा. आणि जिथं मांडली तिथंच कथा पुरी करायची. माणूस अर्धवट एकीकडं सोडून दुसरीकडून उचलता येत नाही.

उखानं पंचवीस वर्षांत किती माणसं नदीपार नेली त्याची गणती नाही. आणि त्याची स्वतःची बायको, दगूबाई, दोन वर्षांपूर्वी जेठात तापानं गेली, तेव्हा तिला न्यायला कुणी नव्हतं. डांगाकडं एक म्हातारा थाळवाला होता, तो आधीच्याच साली वारला होता. उरला एकटा उखा, आणि त्याला तर घरच्या माणसासाठी काडीला हात लावायची बंदी. दगूबाई तशीच राहिली. तिनं लावलेल्या वालाच्या वेलाखालून जाताना उखा तिच्याशी बोलायचा. थोडं थांब, म्हणायचा, काहीतरी करतो.

मग मंडळाचं कार्ड आलं. शाळेतल्या मास्तरानं वाचून दाखवलं. उखाचं नाव, शहाद्याचं मैदान, वार, वेळ, आणि शेवटी 'आग्रहाचे निमंत्रण'. उखानं ते कार्ड आठ दिवस पागोट्यात ठेवलं आणि आठ दिवस विचार केला. आधीच्या सालीही अशी कार्डं आली होती, तेव्हा तो धान्याची एक छोटी गोष्ट सांगून उठला होता. पण आवतण ते आवतणच की नाही? परकं घर आहे, जागा आहे, दिवस आहे, वर आग्रह आहे. कुणाच्या नावानं मांडायची ते तेवढं लिहिलेलं नाही. ते नाव उखानं आपल्या मनानं घातलं.

चूक म्हणा, लबाडी म्हणा. मंडळाला तर हे सात जन्मांत कळलं नसतं. मैदानात वीरसिंग आपल्या पाळीची वाट बघत बसला होता, त्याला उखानं नुसतं म्हटलं, माले हां देशी का? वीरसिंगनं दिली, दगू कोण ते विचारलं नाही. उखा कशासाठी थांबला नाही ते असं होतं. त्यात कसली मान आणि कसली शान? दगूबाई कमरेएवढ्या पाण्यात होती, नदीच्या मधोमध, आणि तेवढ्यात रतिलालनं थाळी उचलली. काडी निखळून खाली पडली.

ते वर्ष उखानं कसं काढलं ते त्याचं त्याला माहीत. नदीवर गेला की पाण्याकडं बघवत नव्हतं. पौषाच्या थंडीत अंगावर घोंगडी घेताना त्याला वाटायचं, ती पाण्यात उभी आहे आणि मी घोंगडी घेतो आहे. आणि मग पत्रक आलं, थाळ गेली. थाळ गेली म्हणजे कार्ड गेलं, आणि कार्डाशिवाय शहाद्याच्या त्या मैदानात थाळ मांडता येणार नव्हती. बक्षीस सुरू झाल्यापासून दोन जण उखाकडं शिकायला येऊ लागले होते, तेही पत्रकानंतर फिरकले नाहीत.

उन्हं कलली होती. मांडवात पेटीचे सूर लागत होते. येणारे लोक चाळीस माणसांना वळसा घालून आत जात होते, कुणी ढोल पालथे का म्हणून विचारत होते. सिंधुबाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "मरेल घरमां ढोल वाजत नही, भाऊ."

शेवटी रतिलाल बाहेर आला. हा रतिलाल काही वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. तापीकाठचा गुजर, कपाशी-केळीचा शेतकरी, गाण्याचा वेडा. पाच वर्षांपूर्वी ही तीन बक्षिसं यानंच मंडळात भांडून घातली होती आणि मागल्या साली त्यांच्यापायी बोलणीही यानंच खाल्ली होती. तो उखापुढं उकिडवा बसला.

"उखाभाऊ, पुनाथून परीक्षक येल शेतस, त्यास्ले थाळ ऐकनी शे. मी अध्यक्षले मनाडं. थाळ ठेवतस आम्ही, या साले आनि पुढला सालेबी. फक्त दहा मिनिट. घंटी वाजनी का थांबानं."

"आनि पावा?" वीरसिंगनं विचारलं. "रोडाली?"

"तेन्हं पुढला साले देखू."

"पुढला साल म्हनजे कधीच नही," सिंधुबाई म्हणाली. "आम्हले समजस, भाऊ."

वीरसिंग हसला. उखादादा काय सांगणार ते त्याला पाठ होतं, गावोगाव त्यानंच तर सांगितलं होतं. उखाला मात्र त्यात परक्या घरचं आवतण ऐकू आलं होतं, तो मनात ओळी मोजत होता. नदीच्या मधोमधून पैलतीरापर्यंत सतरा ओळी. वर्षभर त्यानं त्या हजारदा मोजल्या होत्या. दहा मिनिटांत सतरा ओळी आरामात होतात.

तो थाळी घेऊन उभा राहिला.

"दादा?" वीरसिंग म्हणाला.

मग उखाला बोलावंच लागलं. सगळ्यांदेखत, मान खाली घालून, त्यानं सांगितलं. आवतणाचं, नावाचं, पाण्याचं. "दगू पानीमां उभी शे," तो म्हणाला. "साल व्हयनं. तू मन्हासंगे आत चाल, वीरसिंग. माले हां दे."

वीरसिंगचा चेहरा आधी नुसता भोळा झाला, मग काळवंडला. "वरीसभर बोलना नही तू," तो म्हणाला. "मी तुन्हं नाव लई बठ्ठा डोंगर हिंडनू. या बाया पोरंसोरं टाकीसन उन्यात. आनि तू एकलाच आत चालना." त्यानं तोंड फिरवलं. "जाय. मी नही येवाव."

उखा गेला. लाज वाटत होती, तरी गेला.

आत हजारभर माणसं होती. उखानं मागल्या सालचीच जागा धरली, मेण मळलं, काडी उभी केली, बोटं राखेत बुडवली. रतिलालनं घड्याळ बघून मान हलवली. थाळी घुमली आणि उखानं पहिली ओळ घेतली: पाणी कमरेला आलं, दगू, पाय उचल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हणजे 'हां' नव्हे. उखानं पुन्हा तीच ओळ घेतली. पाणी कमरेला आलं, दगू, पाय उचल. समोर पांढऱ्या टोप्या, लुगडी, परीक्षकांचे चष्मे, सगळे कौतुकानं बघत होते, आणि एकाच्याही तोंडून 'हां' येत नव्हती. त्यांना तरी काय माहीत? तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा तीच ओळ. कुणीतरी हसलं. रतिलालला वाटलं, म्हातारा पुढचं विसरला. मिनिटं चालली होती आणि दगूबाई जागची हलत नव्हती. उखाचे डोळे भरून आले. आपण बाहेरची चाळीस माणसं तोडली आणि हिलाही एक पाऊल पुढं नेता आलं नाही, या विचारानं त्याचा आवाज फाटला, पण बोटं थांबली नाहीत.

आठव्यांदा ओळ घेतली तेव्हा कनातीपलीकडून आवाज आला.

"हां."

वीरसिंगचाच आवाज, आणि त्यात माया कसली, शिवी द्यावी तशी 'हां' दिली होती. पण परक्या घरची 'हां' होती, नियमाला पुरेशी होती. उखानं दुसरी ओळ घेतली. "हां." तिसरी. "हां." पाणी कमरेवरून मांडीवर उतरलं. बाराव्या ओळीला गुडघ्याशी आलं, आणि घंटा वाजली.

उखाची बोटं काडीवर थांबली. घुमणं अजून थाळीत होतं. रतिलाल टेबलामागं उभा होता, त्यानं दोन्ही हात जोडले होते. त्याचं म्हणणं उखाला न बोलता कळत होतं: भल्या माणसा, आता थांब, म्हणजे पुढल्या साली कार्ड येईल, मी पाव्याचं बघतो, रोडालीचं बघतो. नाही थांबलास तर माझ्या हातात काही राहणार नाही. थांबलं तर थाळ वाचत होती. शिकायला येणारे ते दोघेही कदाचित परत आले असते. दगूबाईनं आणखी एक साल गुडघाभर पाण्यात काढायचं, एवढंच. उखाला हे सगळं पटलं. त्यानं हात खाली घेतला.

"हां," कनातीपलीकडून आलं.

ओळ नसताना आलं. घंटा वीरसिंगनंही ऐकली होती, तिचा अर्थ त्यालाही माहीत होता, आणि उखा थांबला नाही तर आपल्या पाव्याचं काय होणार तेही तो जाणून होता. क्षणभरानं पुन्हा आलं, "हां," आणि आता त्याच्याबरोबर सिंधुबाईचा आणि आणखी दहा-वीस जणांचा आवाज होता.

उखानं तेरावी ओळ घेतली. भोंगा बंद झाला. चौदावी. लोक कुजबुजू लागले, अध्यक्ष उठले. रतिलाल या खेपेला थाळीजवळ आला नाही. घंटेवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. पंधरा, सोळा. सतराव्या ओळीला दगूबाईचा पाय वाळूला लागला. उखानं काडी हळूच काढली, थाळीला कपाळ टेकवलं आणि कुणाकडं न बघता खाली उतरला. मागं भोंगा पुन्हा सुरू झाला होता आणि अध्यक्ष सांगत होते की यापुढं मंडळाच्या बक्षिसांत असले प्रकार कधीही घेतले जाणार नाहीत.

बाहेर माणसं ढोल खांद्याला अडकवत होती. शेवटची एसटी पकडायची होती. वीरसिंग एकटा कनातीच्या खुंटीशी उभा होता. उखा त्याच्याजवळ जाऊन थांबला.

"पोहचनी का?" वीरसिंगनं त्याच्याकडं न बघता विचारलं.

"पोहचनी."

वीरसिंगनं पावा कमरेला खोचला. दोन पावलं गेला आणि वळला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आनि दादा, तुले कोन पोहचाडी?"

उखा नखानं थाळीवरचं मेण खरवडत राहिला. वीरसिंग स्टँडच्या वाटेला लागला.