तळ्यातून गेलेली रेषा

त्यानं माउसचं चाक फिरवत नकाशा आणखी जवळ आणला, आणि बायकोची रेषा थेट दातवाल्याच्या अंगणात शिरली.

एकच नव्हे, महिनाभराच्या सगळ्याच रेषा. लाल, एकमेकींवर चढलेल्या, त्या बंगल्याच्या आवारात गोळा होत, तिथं घोटाळत आणि मग परत फिरत. दातवाला म्हणजे ऑफिसच्या मागच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. याची दाढ कोरता कोरता तो म्हणाला होता, "वहिनी काय झपाझप चालतात हो!" तोंडात हत्यारं, उत्तर तरी काय देणार? आता ते आठवून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

बरं, फाइल तिनंच दिलेली. तिच्या संध्याकाळच्या फेऱ्या मनगटावरच्या घड्याळात नोंदल्या जात. "जगाचे नकाशे काढतोस, माझ्याही फिरण्याचा काढ की एक. बघ तरी मी कुठं कुठं जाते," असं ती हसत म्हणाली होती. हसत! हिंमत बघा बाईची.

शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रेष वीतभर सरकली तरी त्याला खपत नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. या रेषा स्वतःच्या घराऐवजी पलीकडच्या चौकातून निघालेल्या त्यानं पाहिल्या होत्या. घड्याळाला उपग्रह उशिरा सापडला असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. अंगण मात्र सोडवेना. रात्रभर ते डोळ्यांसमोर राहिलं.

सकाळी चहा पुढे ठेवत तिनं विचारलं, "झाला का माझा नकाशा? पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग?" ती खुर्ची ओढून समोरच बसली. डोळ्यांत नुसती उत्सुकता.

"मग काय? दातवाल्याच्या दारात रोज काय वाटतात, तेवढं सांग."

"दातवाल्याच्या?"

"सोंग नको. रेष खोटं बोलत नाही."

मनगटावरचं घड्याळ काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली.

दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. चार वेळा त्यानं तोच नकाशा उघडला, चारही वेळा तेच अंगण पाहिलं आणि जळत बसला. दुपारनंतर शेजारच्या टेबलावरची सहकारी काही विचारायला आली आणि पडद्याकडे बघून थबकली.

"हे कुणाचं फिरणं, दादा?"

"तुझ्या वहिनीचं," तो तुटकपणे म्हणाला.

तिनं वाकून चाक उलटं फिरवलं. अख्खा नकाशा दिसू लागला, तशी ती खुदकन हसली.

"वहिनी पाण्यावरून चालतात की काय?"

त्यानं पाहिलं. अंगणातून निघालेल्या लाल रेषा पुढे सरळ तळ्यात उतरल्या होत्या आणि तळं पायी ओलांडून पलीकडे निघाल्या होत्या. इतका वेळ तो एकाच घराला डोळे लावून बसला होता.

"पद्धत चुकली असेल," ती बिचकतच म्हणाली. कारण या चुकीवरून त्यानं आजवर सगळ्यांची बिनपाण्यानं केली होती. फाइल उघडताना प्रोग्रॅम विचारतो, हे आकडे कोणत्या पद्धतीतले? घड्याळाचे अक्षांश-रेखांश उपग्रहांच्या पद्धतीतले, ऑफिसचे नकाशे जुन्या मोजणीतले. तिथं गफलत झाली की रेष अख्खीच्या अख्खी एखाद-दोन गल्ल्या बाजूला पडते. त्यानं सवयीनं ऑफिसची पद्धत निवडली होती.

सहकारी गेल्यावर त्यानं पद्धत बदलली.

रेषा सरकल्या. तळ्यातून बाहेर येऊन काठच्या पायवाटेवर बसल्या. चौकातून निघून स्वतःच्या दाराशी आल्या. आणि दातवाल्याच्या अंगणातला तो सगळा लाल गुंता उठून ऑफिसच्या फाटकाशी येऊन पडला. त्याच्या खिडकीच्या बरोब्बर खाली.

मागे एकदा बायको तिथं उभी होती. सोबत चालत घरी जाऊ, म्हणाली होती. चार लोकांदेखत तो खेकसला होता, "काम संपेल तेव्हा येईन मी. फाटकाशी ताटकळत राहू नकोस, लोक हसतात." त्यानंतर ती कधी आली नाही, असंच तो धरून चालला होता.

त्यानं कॉम्प्युटर तसाच सोडला आणि जिना उतरून खाली गेला. ऑफिस सुटलं होतं. त्याला वेळेवर बाहेर आलेला बघून फाटकावरचा राखणदार चकित झाला.

"आज लवकर, साहेब? पण वहिनी काही आल्या नाहीत आज."

त्यानं खिशातून फोन काढला, तिचा नंबर काढला, आणि फोन तसाच पुन्हा खिशात ठेवला. तळ्याकडून येणारा रस्ता टोकापर्यंत दिसत होता. ऑफिसातली माणसं बाहेर पडत होती, जाता जाता फूटपट्टीकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. तो तिथंच ताटकळत राहिला.