दसऱ्याच्या दिवशी अर्धी लिहिलेली चिप

मित्रांनो, करंगळीच्या नखावर मावेन एवढी मी एक काळी चिप आहे, आता वय झालेली. परळच्या भोईवाड्यात, चाळीतल्या एका खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर मी बसते. माझा जन्म तैवानचा, असं खोक्यावर छापलं होतं. मला आठवतो तो खोक्यातला अंधार आणि मग लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार. "लेटेस्ट आहे," असं तो माझ्याविषयी म्हणाला होता. माझं आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच, आणि तेही दिवाळीपर्यंतच टिकलं.

माझ्या पोटात फर्मवेअर नावाचा मजकूर असतो. काहीजण त्याला बायोस म्हणतात. बटण दाबलं की सगळ्यांत आधी मी उठते. मेमरी जागेवर आहे का, प्रोसेसर ओळखीचा आहे का, कीबोर्ड आला का, अशी हजेरी घेते आणि मग विंडोजला हाक मारते. ते उठतं, रंगीत चित्रं दाखवतं आणि सगळं श्रेय घेतं. पहाटे नळावर नंबर लावणाऱ्या बाईची आठवण अंघोळ करताना कोणाला येते?

या घरातली श्रेया गेल्या वर्षी ऍनिमेशन शिकत होती. तिच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्ममध्ये एक कावळा भोईवाड्यात पागडीवर खोली शोधत फिरतो. ती फिल्म दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती, नाहीतर वर्ष जाणार होतं. पण जुन्या प्रोसेसरवर कावळा पंख उचलायचा आणि तसाच लटकून राहायचा. म्हणून तिचा मामेभाऊ विनीत दसऱ्याच्या सकाळीच नवा प्रोसेसर घेऊन आला. अडचण माझी होती. माझ्या हजेरीत त्या नव्याचं नावच नव्हतं. आधी मला अपडेट करायचं, मग त्याला बसवायचं, असं ठरलं.

अपडेट म्हणजे माझं पोट पुसून त्यात नवा मजकूर लिहिणं. मध्येच वीज गेली तर मी ना जुनी, ना नवी, आणि कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. विनीतने बोर्डावरचा मॉडेल नंबर पाहिला, कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची फाइल घेतली, रिकाम्या पेनड्राइव्हवर टाकली. वीज गेली तरी अपडेट चालू राहावं म्हणून कुठून तरी बॅटरीही मागून आणली. त्याने सगळ्या संकटांचा विचार केला होता. अप्पांचा केला नव्हता.

अप्पा म्हणजे श्रेयाचे आजोबा. गिरणीत असताना दसऱ्याला ते माग बंद करून, पुसून, हार घालायचे. गिरणी गेली, पण पूजा राहिली. आता मिक्सर, शिलाई मशीन, विनीतची बाइक, सगळ्यांना हळदकुंकू. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी टीव्हीच्या रिमोटला हार घातला आणि तो काढेपर्यंत घरात एकच चॅनेल चाललं.

अपडेट सुरू झालं, पडद्यावर पट्टी सरकू लागली. विनीत खाली बाइक धुवायला गेला. श्रेयाला आईने तोरण बांधताना स्टूल धरायला बोलावलं.

"अप्पा, याला हात लावू नका हां," ती जाताना म्हणाली.

"हात खंय लावतंय? कुंकू लावतंय."

डब्याचं झाकण उघडंच होतं. अप्पांनी नेमकं माझ्याच कपाळावर बोट टेकलं. मला बरं वाटलं. मग त्यांना डब्यातला पंखा फिरताना दिसला. चालत्या यंत्राची पूजा त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

"वरसाचो एक दिस तरी मशिनीक इसावो नको?" त्यांनी मला विचारलं.

मी काय सांगणार? माझं पोट अर्धं कोरं होतं. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. बॅटरी पीं पीं करत धावून आली आणि मी जगले.

"तू कोण गो मधीच?" असं म्हणून त्यांनी बॅटरीचंही बटण बंद केलं.

विनीत वर आला, ओले हात पुसून त्याने दोन्ही बटणं पुन्हा चालू केली, तेव्हा पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला. त्याने पुन्हा पुन्हा बटण दाबलं. हजेरी घ्यायला कोणी नव्हतं.

"गेलं?" श्रेयाने विचारलं.

"गेलं."

"कावळ्याआधी मीच बेघर," असं म्हणून ती खाली लादीवर बसली. ती हसत नव्हती.

अप्पा तबक धरून उभे होते. "धागो तुटलो तर आमी सांधू. ह्येका सांधता येणा नाय?"

 विनीत डब्याच्या मागे वाकून पाहत होता. तिथे एक बारकं बटण आहे, ते कोणी कधी दाबलं नव्हतं. मी मेले तरी माझ्यात मजकूर लिहिता यावा, यासाठी कंपनीने केलेली ती सोय. काही बोर्डांना ती असते, सगळ्यांना नसते. त्याने फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव दिलं, पेनड्राइव्ह खुणेच्या खाचेत लावला आणि बटण दाबून धरलं. एक छोटा दिवा लुकलुकू लागला.

"हा थांबेपर्यंत वीज गेली तर संपलं," विनीत म्हणाला.

अप्पा गेले आणि स्विचबोर्डाला पाठ लावून हात पसरून उभे राहिले. शेजारच्या बकुळाताई आपट्याची पानं घेऊन आल्या.

"अप्पा, सोनं घ्या."

"थंयच ठेव. माझे हात मोकळे नाय."

"सणाच्या दिवशी भिंत धरून काय उभे?"

"भिंत नाय, नात धरलंय."

दिवा थांबला. पडदा क्षणभर काळाच राहिला, तेवढ्यात श्रेयाच्या आईने दोनदा देवाचं नाव घेतलं. मग माझं नाव उमटलं. संध्याकाळी नवा प्रोसेसर बसला, मी त्याची हजेरी घेतली, आणि उजाडेपर्यंत कावळ्याला खोली मिळाली.

मित्रांनो, गरज नसताना मला बदलू नका. बदलायचंच असेल तर फाइल माझ्याच मॉडेलची घ्या, विजेची सोय करा, आणि पट्टी सरकत असेपर्यंत घरातल्या प्रेमळ माणसांवर लक्ष ठेवा.

यंदाच्या दसऱ्याला अप्पा तबक घेऊन पुन्हा आले. माझं जुनं कुंकू अजून पुसलं गेलेलं नाही. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि थांबला.

"श्रेया, आत कोण लिवताहा काय?"

"कोणी नाही, अप्पा."

"मगे बंद करू?"

"करा."

इतक्या वर्षांत बंद करण्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं. मी निवांत झोपले.