टोस्ट पास करणारी दाढ

सुनेनं आमच्या बाईशी जे केलं ते मला पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सासूची कुणी परीक्षा घेतं का? घ्यायचीच तर सांगूनसवरून घ्यावी. हिनं सकाळी सकाळी, चहाही झालेला नसताना, सासूच्या हातात टोस्ट ठेवला आणि समोर उभी राहून नुसती बघत बसली. अब्रू बाईची गेली आणि जागा माझी गेली.

मित्रांनो, मी एक जुनी अक्कलदाढ आहे. खालच्या जबड्यातली, डावीकडची, सगळ्यात मागची. सध्या मुक्काम एका प्लास्टिकच्या डबीत. मी शिकलेली नाही. आमची बाई चौथीपर्यंत शाळेत गेली खरी, पण तिच्याबरोबर शाळेत गेले ते बहुतेक दुधाचे दात, आणि ते केव्हाच पडले. शिवाय तोंडात राहणाऱ्याला जग दिसतं ते किती? बाई बोलायला लागली की फट उघडायची, तेवढ्यात जे दिसेल ते आपलं. बाई बोलते भरपूर, म्हणून मला इतकं तरी ठाऊक आहे. बाकी सगळं मी हाडातून ऐकलेलं. तेव्हा सांगताना माझा गोंधळ झाला तर सांभाळून घ्या. तो अजून मिटलेला नाही.

मी आले तेव्हा बाई तेवीस वर्षांची होती. लग्न होऊन बेकरीवाल्यांच्या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. माझ्या येण्यानं तिचा गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. तिची सासू म्हणाली, उशिरा का होईना, येतेय ना, येऊ दे. मी वर डोकं काढून बघते तर सगळ्या जागा भरलेल्या. कुणी सरकायला तयार नाही. दोन वर्षं मला वाटत होतं की मी चुकून दुसऱ्याच्या घरात आले. घास माझ्यापर्यंत यायचा तो आधीच बारीक होऊन. खायला घालायचं पण कामाला लावायचं नाही, असं ते वागणं. पाहुणीला ठेवतात तसं.

मग शेजारची दाढ पहिल्या बाळंतपणानंतर गेली आणि तिच्या पलीकडची पुढच्या काही वर्षांत गेली. का गेल्या ते मला कुणी सांगितलं नाही. एके दिवशी डावीकडे बघते तर मी एकटीच. आणि अख्खं काम माझ्यावर.

काम कसलं ते नीट सांगते. आमच्या बेकरीत टोस्ट होतात. आधी पाव भाजायचा, थंड करायचा, काप करायचे, ते काप ट्रेवर मांडून पुन्हा मंद भट्टीत वाळवायचे. कडेचे काप लवकर वाळतात, मधले मागे राहतात. वरून सगळे सारखेच तांबूस दिसतात, डोळ्याला काही कळत नाही. म्हणून रोज सकाळी ट्रे बाहेर आला की बाई बरोबर मधला टोस्ट उचलायची, तो निवू द्यायची आणि माझ्याखाली धरून फोडायची. आतून कोरडा असेल तर 'कट्' असा सुका आवाज माझ्यातून जबड्यात आणि जबड्यातून थेट तिच्या कानात जायचा. ओल राहिली असेल तर आवाज बसका यायचा. मग बाई म्हणायची, "चालेल," नाहीतर म्हणायची, "परत भट्टीत." तिनं चालेल म्हटल्याशिवाय पाकिटं भरणाऱ्या दोघी हात लावायच्या नाहीत, बाईचा मुलगा माल पोचवायला निघायचा नाही.

पस्तीस वर्षं रोज एक टोस्ट. बाईच्या जिभेला सगळे घाबरायचे. भट्टीवाला तर ट्रे समोर ठेवून छातीवर हात बांधून उभा राहायचा. वीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, पण निकाल लागेपर्यंत श्वास सोडत नसे. बाई लोकांना सांगायची, माझ्या कानाला फसवून दाखवावं कुणीही. कानाला म्हणायची हं. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही, घरात राबणाऱ्याचं नाव कोण घेतं.

पण एक गोष्ट मला तेव्हाही कळत नव्हती. बाई रोज सकाळी आरशासमोर उभी राहून दात घासायची ते फक्त पुढचे. हसताना दिसतात ते. लखलखीत करायची. ब्रश माझ्या दिशेनं यायचा आणि अर्ध्या वाटेतून परत फिरायचा. जी राबते तिला पुसायचं नाही आणि जे नुसते दिसतात त्यांना चमकवायचं, हे कुठलं घर?

गेल्या वर्षापासून माझ्या पाठीमागच्या अंगाला काहीतरी होऊ लागलं. आधी गुदगुल्या, मग ठणका. टोस्टचा भुगा खड्ड्यात बसायचा तो तिथंच राहायचा. बाईनं लवंग आणून ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही आणलं, म्हणून मी आधी खूश झाले. मग लक्षात आलं की लवंग ती चोरून ठेवते. मुलानं विचारलं, कसला वास येतोय, तर म्हणाली, वय झालं की माणसाला वास येतोच.

आणि मग तो दिवस. ट्रे बाहेर आला, बाईनं मधला टोस्ट उचलला, तोंडात घातला. मी कंबर कसून तयार. टोस्ट माझ्याकडे आलाच नाही. उजवीकडे गेला, तिथं जिभेनं दाबला, भिजवला, गिळला. कट् नाही की काही नाही. आणि बाई म्हणाली, "चालेल."

मी चक्रावले. मी चावलं नाही, तर चालेल म्हणालं कोण?

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी एका शाळेच्या उपाहारगृहातून पाकिटं परत आली. टोस्ट मऊ पडले होते, काहींना बुरा आला होता. आमच्या दुकानात माल परत येणं हे पहिल्यांदा घडत होतं. बाईचा आवाज असा चढला की मी मुळापासून हलले. भट्टीवाल्याला चारचौघांत उभं करून ती बोलली. हात आखडता घेतोस, भट्टी लवकर विझवतोस, तुझं लक्ष कुठं असतं, असं बरंच. मी आतून ओरडत होते की बाई, टोस्ट माझ्याकडे आलाच नव्हता. पण दाढेचं कोण ऐकतं? दुखतं तेवढंच ऐकतात.

भट्टीवाला उलटून बोलला नाही. एवढंच म्हणाला, मावशी, दुसरा माणूस बघा, मी आठवडाभर थांबतो.

त्यानंतर बाईला झोप नव्हती. मला ठाऊक आहे, कारण तिनं दात आवळले की ते ओझं माझ्यावरच यायचं. खरं काय ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला माहीत असेल असं आम्हा दोघींना वाटलं नव्हतं.

सुनेला होतं. आठवडा संपायच्या आदल्या दिवशी तिनं तो परीक्षेचा टोस्ट आणून बाईच्या हातात ठेवला. बाईनं तो हल्ली घ्यायची तसाच उजवीकडे घेतला, घोळवला आणि म्हणाली, "चालेल." सुनेनं उरलेला अर्धा तुकडा अंगठ्यानं दाबला. तो तुटला नाही, दबला. मधून अजून पाव होता. मुद्दाम अर्धवट वाळलेला टोस्ट तिनं बाजूला काढून ठेवला होता, बघा.

मला वाटलं आता ही हसेल, नाहीतर नवऱ्याला हाक मारेल. तिनं तसं काही केलं नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "आई, कुठली दाढ दुखते?"

"भट्टी दुखते," बाई म्हणाली. "दाढेला काय धाड भरलीय."

"मग उजव्या बाजूला का घेतलात? मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, तुम्ही डावीकडेच घेता."

बाईची जीभ एकदा माझ्यावरून फिरून गेली.

"तो माणूस उद्या जाईल, आई."

फट मिटली. आत अंधार. बाई गप्प बसली की काय होतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत होते, आणि मला भीती वाटली. मी इतकी वर्षं सूनबाईंना आगाऊ समजत होते. आगाऊच आहेत. पण त्या दिवशी मला कळेना की रागवावं कुणावर.

दुपारी आम्ही दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे. खुर्ची मागे झुकली, तोंडावर दिवा आला. इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. मग एक छोटासा आरसा आत आला आणि त्यात मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. मित्रांनो, मी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. मधोमध काळा खड्डा, एका बाजूला तडा. एवढा काळा टोस्ट निघाला असता तर बाईनं अख्खा ट्रे फेकून दिला असता.

त्यांनी माझा फोटो काढला, मुळांसकट. फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कीड आतपर्यंत गेलीय, तडाही खोल आहे, काढावी लागेल. बाई म्हणाली, भरून टाका, काढू नका. त्या म्हणाल्या, भरण्यापलीकडे गेलीय. तेव्हा बाईनं विचारलं की ही काढल्यावर मला आवाज ऐकू येईल ना? डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, यांना कानाचा त्रास आहे का?

बाईनं माझ्याबद्दल विचारलं होतं. माझ्यावाचून आपलं कसं होणार, हेच विचारलं होतं ना? की कानाबद्दलच होतं? मी अजून ठरवू शकलेले नाही.

सुई टोचली आणि हळूहळू सगळं गेलं. ठणका गेला, हिरडी गेली, शेजारी जीभ आहे की नाही ते कळेना. मी आहे की नाही तेही कळेना. मग मला कुणीतरी धरलं आणि हलवायला लागलं, मागे पुढे, मागे पुढे, रुतलेला खुंटा हलवतात तसं. चाळीस वर्षांची पकड मी सोडायला तयार नव्हते. डॉक्टरीणबाई सारख्या म्हणत होत्या, दाब जाणवेल, दुखणार नाही. खरंच दुखलं नाही. त्याचंच मला वाईट वाटलं. एवढं मोठं काहीतरी होत होतं आणि दोघींपैकी एकीलाही दुखत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा मला बाईचा चेहरा पहिल्यांदा दिसला. मला वाटलं होतं मोठी उग्र असेल. ती एक लहानशी म्हातारी होती, गालात कापूस दाबलेला, डोळे मिटलेले, आणि एका हातानं सुनेचं मनगट घट्ट धरलेलं. आमची बाई? मला खात्री पटेना.

तिला तासभर कापूस चावून गप्प बसायला सांगितलं होतं. तरी तिनं खुणा करून मला मागून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मला धुऊन या डबीत ठेवलं. मी हरखले. म्हटलं, शेवटी कदर झाली, आता ही मला जपून ठेवणार.

मित्रांनो, इथं माझं एक मागणं आहे. तुम्ही पुढचे दात घासता, हसता, फोटो काढता, चांगलं आहे. पण ब्रश शेवटपर्यंत न्या. जिथं नजर जात नाही तिथंही कुणीतरी राबत असतं. आणि कुठं दुखायला लागलं तर पहिल्याच दिवशी सांगा. झाकलेलं दुखणं आपल्यापुरतं राहत नाही, भलत्याच माणसाच्या अंगावर जातं. हे मला आधी कळलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

ती सकाळ भट्टीवाल्याची शेवटची होती. ट्रे बाहेर आला. पाकिटं भरणाऱ्या दोघी उभ्या, मुलगा दारात, सून बाजूला. भट्टीवाला एप्रनची गाठ सोडत होता. बाईचा गाल टम्म सुजलेला. तिनं पदराआडून डबी काढली, उघडली आणि मला सगळ्यांसमोर धरलं.

"हे बघ," ती भट्टीवाल्याला म्हणाली. "माल मऊ गेला तो तुझ्या हातून नाही गेला. ही किडली होती. मी चावतच नव्हते, नुसती चालेल म्हणत होते. तुला चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांतच सांगते. चूक माझी."

म्हणजे मला जपण्यासाठी नव्हतं आणलं. पुरावा म्हणून आणलं होतं. मला राग यायला हवा होता, पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि इतका मान मला आजवर मिळाला नव्हता. रागावू की मिरवू, काही सुचेना.

भट्टीवाल्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, ते आधी झाका. खायच्या वस्तू आहेत इथं."

आणि त्यानं एप्रनची गाठ पुन्हा बांधली.

बाईनं डबी फळीवर ठेवली, झाकण अर्धवटच लावलं, म्हणून पुढचं मला दिसलं. तिनं ट्रेमधला मधला टोस्ट उचलला, निवू दिला आणि सुनेपुढे धरला. सुनेनं तो दाढेखाली घेऊन फोडला. बाई डोळे मिटून कान देऊन उभी. मलाही ऐकू आलं, पण बाहेरून आवाज वेगळाच लागतो, मला काही सांगता येईना. सुनेनं सासूकडे पाहिलं. बाई म्हणाली, दाढ तुझी, मला काय विचारतेस. सुनेनं घास गिळला आणि भट्टीवाल्याला म्हणाली, परत भट्टीत, दहा मिनिटं. तो हुं की चूं न करता ट्रे घेऊन आत गेला.

मग बाई सुनेकडे वळली. सुजलेल्या तोंडानं एकेक शब्द तोडून बोलली. ती शाबासकी होती की दटावणी, हे मला विचारू नका.

"सासूला फसवून पाहिलंस, ते वाईट केलंस. मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच दिवशी केलं असतं, तू आठवडा घालवलास, ते त्याहून वाईट. उद्यापासून ट्रेसमोर तू उभं राहायचं. आणि न चावता चालेल म्हणालीस, तर मी तुझ्याशी बोलणं सोडलं म्हणून समज."