दिलवरभाऊंचं गाणं

आमच्या आश्रमशाळेतल्या मुलींच्या संडासाचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही जेवत असाल. एवढंच सांगते, नवापूरच्या बाजारातली मासळीची रिकामी टोपली चार दिवस उन्हात ठेवा आणि तिच्यात तोंड घाला. वर दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. एक पोरगी आत बसणार, दुसरी बाहेरून दार ओढून धरणार. शी!

आठवीतली एस्तेर आत जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. व्हायचं तेच झालं, लघवीला जळजळ, थंडीताप. तिचे वडील दलपतभाऊ आले आणि तिची पेटी उचलून तिला घरी घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, दाराला कडी लागली की फोन करा. तोवर पोरगी पाठवणार नाही."

मी हेडमास्तरांना गाठलं. "प्रस्ताव गेलाय वर," ते म्हणाले.

"मग काय पोरींनी प्रस्तावावर बसायचं?" मी म्हटलं. त्यांना ते असभ्य वाटलं. संडास नाही वाटला असभ्य, मी वाटले!

माझ्याकडे आठवीचा कलाशिक्षणाचा तास असतो. त्यात मी गाण्यांचा इतिहास घेत होते, पुस्तकातला नाही, आपल्याकडचा. लग्नात आधी ढोल आणि फुंकायची पावरी होती, मग बँडवाले आले, मग कॅसिओ, मग कॅसेटी, मग डीजे, आणि आता सगळं मोबाईलवर. फळ्यावर हे लिहून मी विचारलं, "एवढं बदललं, पण बदललं नाही असं काय?"

प्रिस्किला उठली. ही एस्तेरची जोडीदारीण, दार ओढून धरणारी. "चाल, मॅडम. व्याह्यांना शिव्या घालायची चाल आजी म्हणते तीच डीजेवर वाजते."

अगदी बरोबर. माझ्या गावी, कोरीटलाही लग्नात बायका व्याह्यांना नाव घेऊन गाण्यातून धुतात. ढेरपोट्या काय, अधाशी काय, वाट्टेल ते. मी म्हटलं, "मग त्याच चालीवर तुम्ही स्वतःचं गाणं रचा. जे खरंच डोक्यात आहे त्यावर."

प्रिस्किलाने रचलं. तिच्या मावची बोलीतलं मी मराठीत सांगते:

कडी नाही दाराला हो दिलवरभाऊ,
आतली म्हणे बाहेरचीला, सोडून नको जाऊ.
पाणी नाही नळाला हो दिलवरभाऊ,
तहान लागली तरी म्हणते, आता नको पिऊ.

दिलवरभाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे चेअरमन. गॅदरिंगला तेच पाहुणे येणार होते. ते इथलेच, बोली त्यांना पक्की कळते. मला वाटलं, चारचौघांत ऐकतील तेव्हा मान खाली जाईल माणसाची.

कसली मान आणि कसलं काय! प्रिस्किला गायला लागली तशा पहिल्याच ओळीला हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या ओळीला दिलवरभाऊ खुर्चीवरून उठले, हात वर करून नाचायला लागले, आणि प्रिस्किलाच्या डोक्यावरून नोट ओवाळून त्यांनी ढोलवाल्याला दिली. चाल व्याह्यांच्या शिव्यांची ना, मग ज्याचं नाव घेतलं त्यानं रागवायचं नाही, हसायचं, नाचायचं, ओवाळायचं. रीतच तशी. माणूस रीतीप्रमाणे वागला. नंतर भाषणात म्हणाले, "काय गोड गळा आहे लेकराचा!" जेवले, पान खाल्लं, जाताना आमच्या भिंतीवर पिचकारी मारली आणि गेले.

पुढे आणखी घाण. त्यांचा पुतण्या लखन डीजे चालवतो. त्यानं गॅदरिंगात टिपलेल्या त्या गाण्याखाली धडधड घातली आणि दर दोन ओळींना स्वतःचं नाव ओरडून घेतलं. लग्नालग्नांत पोरं त्यावर नाचायला लागली. माझ्या पोरींच्या लघवीच्या दुखण्यावर नाच! तुमना गानाले आग लागो, असं मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले.

मग दलपतभाऊंचा फोन आला. "मॅडम, आमच्या गावात वाजलं तुमचं गाणं. एस्तेर विचारते, कडी लागली का?"

"नाही," मी म्हटलं.

एस्तेरचा प्रश्न मी प्रिस्किलाला जसाच्या तसा सांगितला. ती म्हणाली, "चाल मीच सुचवली ना, मॅडम."

त्या शनिवारी दिलवरभाऊ पुन्हा उगवले, सोबत लखन आणि त्याचा मोबाईल. मूळ गाणारीचा व्हिडिओ हवा होता, भाऊंच्या वाढदिवसाला सोडायला. हेडमास्तरांनी मैदानात खुर्च्या मांडल्या, मुलींना रांगेत बसवलं. लखननं मोबाईल रोखला. "हं, गा."

प्रिस्किला हात बांधून उभी राहिली आणि नुसतं बोलली. "दाराला कडी नाही, दिलवरभाऊ. नळाला पाणी नाही. आम्ही पाणी पीत नाही. एस्तेर आजारी पडली. ती घरी गेली."

भाऊ हसायच्या तयारीत होते. तोंड अर्धं उघडून तसंच राहिलं. "अगं, गा ना पोरी. चाल लाव की."

"चाल लावली की तुम्ही हसता," प्रिस्किला म्हणाली.

रांगेतली एक जण उठली, मग दुसरी, मग सगळ्याच उठून उभ्या राहिल्या. लखन मोबाईल खाली घ्यायला लागला.

"खाली कशाला घेतो?" मी म्हटलं. "चालू ठेव. आणि भाऊ, तुम्ही चला. मूळ जागा दाखवते गाण्याची."

आले. सगळ्या पोरी मागे असताना न येऊन करतात काय! संडासाच्या अलीकडच्या विहिरीपाशी पोचलो तेव्हाच त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. दारापाशी थांबले आणि मान फिरवून म्हणाले, "बस, बस. कळलं."

"आत जा, भाऊ," प्रिस्किला म्हणाली. "मी दार धरते."